मालिना हे फूल नव्हे

४ मार्च, मंगळवार

वय छप्पन्न, हुद्दा शिकाऊ. आज रुजू झाले.

तीस वर्षं प्लोवदिवच्या शाळेत भूगोल शिकवला. मग आमच्या वस्तीत मुलंच जन्माला येईनाशी झाली, शाळा बंद पडली आणि पेन्शनला सहा वर्षं बाकी असताना मी घरी बसले. रोजगार कचेरीने वेबसाइट बनवण्याच्या वर्गाला घातलं. सहा महिने विशी-पंचविशीच्या पोरांमध्ये बसून शिकले, पास झाले, एक्केचाळीस ठिकाणी अर्ज केले. चाळीस जणांनी साधं 'नको' कळवायचीही तसदी घेतली नाही. एक्केचाळिसावी रालित्सा.

"बाई, ओळखलंत का? डॅन्यूबच्या उपनद्यांवर तुम्ही मला सहापैकी तीन दिले होते."

"दोनच द्यायला हवे होते," मी बोलून गेले आणि मनात म्हटलं, घ्या, गेली ही पण. पण पोरगी खदखदून हसली. पंधरा एप्रिलपर्यंत मला पारखणार, मग ठेवायचं की नाही ते सांगणार.

ऑफिस म्हणजे औषधाच्या दुकानावरच्या दोन खोल्या, मधे काचेची भिंत. माणसं तीन: रालित्सा, मी आणि बोयान. बोयान कोड लिहितो, मला मावशी म्हणतो आणि मुलगा सोन्यासारखा आहे, फक्त त्याची मान बिघडलेली आहे. आपल्या देशात मान आडवी हलली की हो, वरखाली हलली की नाही, हे शेंबड्या पोरालाही कळतं. बोयान वाढला स्पेनमध्ये, तिथे सगळं उलटं. परत येऊन तीन वर्षं झाली, त्यामुळे आता त्याची मान कधी तिकडची असते, कधी इकडची. रालित्साने भिंतीवर कागदच चिकटवलाय : 'बोयानकडून उत्तर तोंडी घ्यावे.'

१० मार्च, सोमवार

मला स्वतंत्र काम मिळालं! जीव थोडा थोडा होतोय.

तेमेनुगाबाईंचं केकचं दुकान आहे, त्यांची साइट आमच्याकडे. त्यांच्या गिऱ्हाइकांची यादी एक हजार नऊशे बारा नावांची. फुलांच्या रविवारी, म्हणजे तेरा एप्रिलला, फुला-झाडांची नावं असलेल्या सगळ्यांचा नामदिवस, म्हणजे नावाचा वाढदिवसच. त्या सगळ्यांना आदल्या संध्याकाळी मेसेज जायचा : 'नामदिवसाच्या शुभेच्छा, उद्या येऊन तुमचा बिस्किटांचा डबा घेऊन जा, आमच्याकडून भेट.' तेमेनुगा म्हणजे एक जांभळं रानफूलच, तेव्हा बाईंना या दिवसाचं भारी कौतुक.

माझं काम, यादीतून फुलं वेगळी काढायची. त्याला फिल्टर म्हणतात. यादीतल्या एकेकाला उभं करून एकच प्रश्न विचारायचा. त्या प्रश्नाला अट म्हणतात. उत्तर 'हो' आलं की तो नव्या यादीत, 'नाही' आलं की तो राहिला. जुनी यादी जशीच्या तशी असते, तिला धक्का लागत नाही.

सोपं वाटतं ना? मला चार तास लागले. कारण मी म्हटलं फिल्टर म्हणजे गाळणी, आणि गाळणीवर राहतो तो चोथा, तो टाकायचा. म्हणून मी 'फूल नाही ना तू?' असं विचारून ठेवलं. निघाले सगळे इवान, दिमितार आणि पेत्को.

"मावशी, चहाची गाळणी नका आणू डोळ्यांपुढे," बोयान म्हणाला. "दही फडक्यात टांगता ना? चक्का फडक्यातच राहतो. तोच आपला."

हे कसं पटकन पटलं! फुलं म्हणजे चक्का. वहीत लिहून ठेवलंय.

१३ मार्च, गुरुवार

आज मी एक हजार नऊशे बारा माणसांचं बारसं केलं.

तपासून बघायचं म्हणून साधी अट घातली, नाव त्स्वेता, म्हणजे फूल, असेल तर घे. दोन नावं सारखी आहेत का हे विचारायला बरोबरचं चिन्ह तीनदा द्यावं लागतं. मी एकदाच दिलं. एकदाच दिलं की तो प्रश्न राहत नाही, हुकूम होतो. झालं! यादीतला प्रत्येक जण त्स्वेता. इवान त्स्वेता, पोलिसातला निवृत्त हवालदार त्स्वेता, दोन पाद्री होते तेही त्स्वेता.

माझ्या तोंडचं पाणी पळालं. रालित्सा येऊन मागे उभी राहिली, बघत राहिली आणि मग खुर्चीवर बसून डोळे पुसपुसून हसली.

"ही नक्कल आहे, बाई. खरी यादी माझ्याकडे कुलपात आहे. तुम्ही येणार म्हटल्यावर मी पहिलं काम तेच केलं."

ह्या पोरीला तीन मार्क देणारी मी कोण लागून गेले होते?

१८ मार्च, मंगळवार

आज तेमेनुगाबाईंच्या दुकानात बसून फुलांच्या नावांची यादी केली. बाई साठीच्या, आवाज असा की समोरच्या बँकेतला शिपाई वळून बघतो. मी लिहितेय, त्या क्रीम फेटतायत आणि दुकानात येईल तो आपलं मत देतोय.

"यावोर लिहा. यावोर म्हणजे मेपल."

"ते झाड आहे, फूल कुठाय?"

"झाडाला फूल येत नाही का? लिहा. यासेन लिहा, कालिना लिहा, इग्लिका, कामेलिया. वर्बान लिहिलात? विलोशिवाय फुलांचा रविवार होतो का कधी!"

"गेर्गिना?" मी विचारलं. "तिचा सेंट जॉर्जच्या दिवशी, मे महिन्यातही असतो. तिला दोनदा डबा?"

"गेर्गिना दोनदा येऊ दे. पोटभर खाणारी बाई आहे, नुसता डबा घेऊन जायची नाही."

एक म्हातारे पाव घ्यायला आले होते, त्यांनी आपलं नाव ग्रोझ्दान असल्याचं सांगितलं. द्राक्षाचा घड! मी म्हटलं, वेल आहे, चालेल. लिहिलं.

"आणि मालिना," बाई म्हणाल्या.

"मालिना नाही."

"का बरं?"

"मालिना म्हणजे रास्पबेरी. ते फळ आहे. फूल नव्हे."

बाईंनी फेटणं थांबवलं. "आत्ता द्राक्ष घातलंत ना?"

"द्राक्षाचं वेगळं असतं."

"काय वेगळं असतं?"

मी म्हटलं, मी तीस वर्षं शिकवलंय, मला वनस्पती कळतात. भूगोलात वनस्पती येतातच. बाई पुन्हा क्रीम फेटू लागल्या, पण ते म्हातारे ग्रोझ्दान माझ्याकडे असे बघत होते, जणू मी त्यांच्या मागच्या माणसाला रांगेतून बाहेर ढकललं.

गिऱ्हाइकांत तीनच तर मालिना आहेत. दोघींना मी ओळखत नाही. तिसरी कार्शियाकात राहते, नदीपलीकडे, चौथा मजला, लिफ्ट सारखी बंद. तिला बिस्किटं वर्ज्यच आहेत, साखर वाढलीये तिची. म्हणजे चार वर्षांपूर्वी तरी वाढली होती.

२१ मार्च, शुक्रवार

शेजारची स्तोयना मीठ मागायला आली आणि तासभर बसली. तिला ह्याची खबर त्याला दिल्याशिवाय अन्न गोड लागत नाही.

"बाजारात तुझी बहीण भेटली. मी सांगितलं तिला, नेदा आता कंप्युटरवर असते, तेमेनुगाच्या दुकानाचं सगळं तीच बघते म्हटलं."

"कोणी सांगितलं होतं तुला सांगायला?"

"विचारलं तिने."

"काय विचारलं?"

"कशी आहे म्हणून विचारलं."

मी भांडी घासत होते, घासत राहिले. मला काय करायचंय? फक्त एवढंच विचारलं की बारीक झालीये का. स्तोयना म्हणाली, थोडी. मग मी विचारलं, तो करडा कोट होता का अंगात. हो म्हणाली. तो कोट तिला कधीच शोभला नाही, मी घेतानाच सांगितलं होतं.

२७ मार्च, गुरुवार

मालिना यादीत का नाही, असं रालित्साने आज तिसऱ्यांदा विचारलं. "बाई, मी इंटरनेटवर बघितलं, नामदिवसांच्या सगळ्या याद्यांत मालिना आहे. फुलांच्या रविवारीच."

"इंटरनेटवर काय वाट्टेल ते असतं."

"बाई, मालिना कोण आहे?"

सांगितलं मग. लपवायचं काय त्यात? माझी धाकटी बहीण. आमच्या आईने तिचा नामदिवस फुलांच्या रविवारी ठरवून टाकला, कुठल्या शास्त्रात बघून कोण जाणे. वसंतातला रविवार, दारावर विलोची फांदी, घर पाहुण्यांनी भरलेलं, मासा तळलेला. आणि माझा, नेद्यालकाचा, सात जुलैला. जुलैत अख्खं गाव समुद्रावर! एका वर्षी माझ्या नामदिवसाला फक्त गॅसचा माणूस आला होता, तोही मीटर बघायला.

पण भांडण त्यावरून नाही. आईच्या शेवटच्या आठ महिन्यांत तिचं सगळं मी केलं. मालिना रविवारी यायची, आपल्या हातचं काहीतरी घेऊन. आणि आई गेल्यावर चाळिसाव्या दिवसाच्या विधीला, सगळ्या नातेवाइकांपुढे, रडत रडत म्हणाली, 'आईला माझ्याच हातचं जायचं हो.' मी म्हटलं, मग जा, आता कबरीवर नेऊन भरव. एवढंच. चार वर्षं झाली. तिने फोन केला नाही, मीही केला नाही. चूक तिची आहे.

रालित्सा म्हणाली, "हं." शाळेत असतानाही अशीच 'हं' म्हणायची आणि मग वर्गात सगळ्यांपुढे चुकीचं उत्तर द्यायची.

"मग जाऊन या ना या रविवारी. म्हणजे त्या रविवारी."

"बोलावलंय का तिने?"

"बाई! नामदिवसाला कोण कोणाला बोलावतं? ज्याला यायचं तो येतो."

हे काय मला माहीत नाही? पण जिचा नामदिवसच नाही तिच्याकडे जायचं कशाला? आधी फूल तर असायला हवं.

२ एप्रिल, बुधवार

आज यादी रिकामी. शंभरावर फुलांची नावं अटीत घातली आणि उत्तर काय? एकही नाही. दुपारपर्यंत डोकं धरून बसले. बोयानने एका नजरेत दाखवलं. अट तपासून झाल्यावर उत्तर परत पाठवायचा शब्द मी लिहिलाच नव्हता. म्हणजे यंत्राला उत्तर माहीत होतं, मनात होतं, पण ते बोलत नव्हतं. आणि न बोललेलं उत्तर 'नाही' धरलं जातं.

"मुकाट बसलं तर ते हो धरायचं की नाही, हे तरी त्याला कळायला नको?" मी वैतागून म्हटलं.

"मावशी, माणसांनाही कळत नाही," बोयान म्हणाला.

शब्द घातला. दोनशे सात फुलं निघाली. टाळ्या वाजवल्या आम्ही. तेमेनुगाबाईंनी दोनशे दहा डब्यांची तयारी सुरू केली.

५ एप्रिल, शनिवार

कार्शियाकाला गेले होते. तिकडे कपड्यांचा साबण स्वस्त मिळतो. पूल ओलांडून पस्तीस मिनिटं चालावं लागतं, पण चालणं बरं असतं. येताना सहज तिच्या इमारतीवरून आले. चौथ्या मजल्यावर तिने पडदे धुऊन वाळत घातले होते. सणाआधी पडदे धुवायची सवय आईची. दोन चकरा मारल्या, पाय मोकळे करायला. मग घरी आले. साबण आणायचा राहिलाच.

११ एप्रिल, शुक्रवार

सगळं तयार! उद्या संध्याकाळी सहाला मेसेज आपोआप जातील.

नीट लिहून ठेवते, कारण हे माझं पहिलं पूर्ण काम. बोयानने परवा आमच्या तिघांच्या छोट्या यादीवर मेसेज जातो का ते तपासलं. मेसेज स्वतःच्या फोनवर यावा म्हणून त्याने अट उलटी केली होती. बोयान काही फूल नाही ना! अटीच्या आधी एक उद्गारचिन्ह टाकलं की अट उलटते. आज मी छोटी यादी काढून मोठी जोडली. ते उद्गारचिन्ह तिथेच होतं. आता हे ठेवायचं की काढायचं? माझी गाळणी आणि चक्का पुन्हा डोक्यात एकमेकांत मिसळले. मोठ्या यादीवर उगाच चालवून बघायला बंदी आहे, चुकून मेसेज सुटतील म्हणून. बोयान काचेपलीकडे फोनवर कोणाशी तरी स्पॅनिशमध्ये बोलत होता. रालित्सा बँकेत.

मी कागदावर मोठं उद्गारचिन्ह काढलं, त्यावर फुली मारली, काचेवर टकटक केली आणि हातवारे करून विचारलं, काढून टाकू?

त्याने मान वरखाली केली. चांगली दोनदा. नको.

बरं झालं विचारलं. ठेवलं तसंच. बोयानने जाताना 'झालं का मावशी?' विचारलं, मी म्हटलं, तू सांगितलंस तसंच केलंय. खूश होऊन गेला.

१२ एप्रिल, शनिवार

लाजारचा दिवस, म्हणजे फुलांच्या रविवारचा आदला शनिवार. सकाळी बाजारातून विलोच्या फांद्या आणल्या. सहा वाजले, मी खिडकीत उभी राहून विचार केला, आत्ता शहरभर दोनशे सात फुलांचे फोन वाजले असतील. डोळ्यांत पाणीच आलं. छप्पन्नाव्या वर्षी!

सहा वाजून चार मिनिटांनी स्तोयना दारात. "अगं, माझा नामदिवस आहे उद्या! मला माहीतच नव्हतं!"

मी तिचा फोन बघितला. 'प्रिय स्तोयना, नामदिवसाच्या शुभेच्छा...'

स्तोयना हे फूल नाही. झाड नाही, झुडूपही नाही. उद्गारचिन्ह! बोयानची मान! काल त्याच्या कानाला स्पॅनिश माणूस होता, मान कुठली असणार?

रालित्साला फोन लावला. "किती जणांना गेला, बाई?"

"एक हजार सातशे पाच. जे जे फूल नाहीत त्या सगळ्यांना. आणि फुलांना एकही नाही." मी रडतच होते. "मला काढून टाक. पंधरा तारखेची वाट बघू नकोस."

रालित्साने पुन्हा विचारलं, "जे फूल नाहीत त्या सगळ्यांना?"

"हो, सांगतेय ना."

"म्हणजे बाई, तुमच्या हिशेबाने जे... बरं, राहू दे. मी फुलांना आत्ता पाठवते. तुम्ही सकाळी आठला दुकानात या. आणि जरा बरे कपडे घालून या."

बरे कपडे कशाला? फाशी द्यायलाच ना! निळा ड्रेस इस्त्री करून ठेवलाय.

१३ एप्रिल, फुलांचा रविवार

आठ वाजता दुकानाबाहेर कोपऱ्यापर्यंत रांग. सगळे इवान, पेत्को, दिमितार, स्तोयना. कोणाच्याच चेहऱ्यावर फूल असल्याची खूण नाही.

"मी पेत्को," पहिला म्हणाला. "मी कुठलं फूल ते जरा सांगाल का? बायको सकाळपासून हसतेय."

बोयान आला तो पांढराफटक. "मावशी, मी 'काढा' म्हटलं होतं!"

"तू मान वरखाली केलीस!"

"हो म्हणूनच केली!"

तेमेनुगाबाईंचा आवाज आज बँकेच्याही पलीकडे गेला. त्यांनी मला, बोयानला, कंप्युटरला आणि स्पेन देशाला काय काय म्हटलं ते इथे लिहीत नाही. मग त्यांनी एप्रन माझ्या अंगावर फेकला. "उभ्या काय राहिलात? डबे उघडा! एकेकाला दोन-दोन बिस्किटं द्या आणि माफी मागा!"

दिली. मागितली. आणि मग गंमत झाली. पेत्कोने दोन बिस्किटं तोंडात टाकली, काउंटरकडे बघितलं आणि म्हणाला, "आलोच आहे तर तो अक्रोडाचा केक द्या. मेव्हणीकडे जायचंय, त्स्वेतांकाकडे. हात हलवत कसं जाणार?" त्याच्या मागच्याला सासूकडे जायचं होतं, कामेलियाकडे. त्याच्या मागच्या बाईला साहेबांकडे, यावोरकडे. प्रत्येकाच्या घरात, इमारतीत, ऑफिसात एक तरी फूल आहे आणि आज त्याच्याकडे जायचंय! फुलं कशाला येतील दुकानात? ती घरी बसून पाहुण्यांची वाट बघतात. केक लागतो तो बाकीच्यांना.

अकरा वाजता काचेचं कपाट रिकामं झालं. तेमेनुगाबाई खुर्चीत बसल्या, कपाळावरचं पीठ पुसलं आणि रिकाम्या ताटांकडे बघत राहिल्या.

"तीस वर्षं," त्या म्हणाल्या. "तीस वर्षं मी ह्या दिवशी फुलांच्या मागे लागलेय. रालित्सा, सेंट जॉर्जच्या दिवसाला पण ह्यांच्याकडूनच करून घे. असंच. उलटं."

"बाई आता आमच्याच आहेत," रालित्सा म्हणाली. "पंधरा तारखेपर्यंत थांबायला नको. आणि बोयान, तू आज माझ्यासमोर मान हलवू नकोस."

मी एप्रनला हात पुसले. पुन्हा पुसले. तेवढ्यात दाराची घंटा वाजली, मी सवयीने वळले. करडा कोट.

मला तोवर सुचलंच नव्हतं. देवाशपथ. यादीत कोण कोण नाही, हे मीच ठरवलं होतं आणि मलाच सुचलं नाही. रालित्सा पटकन आतल्या खोलीत गेली आणि बोयानलाही ओढून घेऊन गेली.

"ताई," मालिना म्हणाली. हातात फोन. "माझा डबा आहे म्हणे इथे."

"संपले," मी म्हटलं.

चार वर्षांनी बहिणीशी बोललेला पहिला शब्द. संपले! जीभ हासडून टाकावीशी वाटली. तिचा चेहरा पडला, ती दाराकडे वळली आणि मी एप्रनसकट काउंटरच्या बाहेर आले. काय बोलले ते आठवत नाही. बहुतेक एवढंच म्हटलं की थांब, साखर किती आहे तुझी. ती म्हणाली आटोक्यात आहे. तेमेनुगाबाईंनी एका बाजूने चेपलेला शेवटचा केक माझ्या हातात कोंबला आणि आम्हा दोघींना दुकानाबाहेर काढलं.

पुलावरून चालत गेलो. फारसं बोललो नाही. तिने लिफ्टला शिव्या दिल्या, मीही दिल्या. वर रांगेल, म्हणजे तिचा नवरा, स्वयंपाकघरात मासा तळत होता. मला बघून त्याने फक्त आणखी एक तुकडा कढईत सोडला.

मला राहवेना. जेवायला बसायच्या आधीच सांगून टाकलं. "मालिना, खोटं नाही बोलायचं मला. तो मेसेज चुकून गेला. तू यादीत नव्हतीस. मीच तुला ठेवलं नव्हतं, मुद्दाम. अट उलटी झाली म्हणून तुला गेला."

"माहितीये," ती म्हणाली.

"कसं?"

तिने रांगेलचा फोन उचलून माझ्यापुढे धरला. 'प्रिय रांगेल, नामदिवसाच्या शुभेच्छा. तुमचा डबा तयार आहे.'

"ह्याचा तर नोव्हेंबरात असतो. खालच्या पेत्कोलाही आला, वरच्या दिमितारलाही आला. काल सहालाच मला कळलं, ताईने काहीतरी घोळ घातलाय."

"मग आलीस कशाला?"

ती टेबलावर काटे मांडत होती. मांडता मांडता म्हणाली, "तू हुशार आहेस ग. पुन्हा कधी असा घोळ घालशीलच याचा काय भरवसा?"

मी तिथेच, हातात चेपलेला केक धरून, ढसाढसा रडले. ती पण. रांगेलने थोडा वेळ वाट बघितली आणि मग म्हणाला की मासा गार होतोय.